सातारा–सांगली, व्हाया पलंगाखाली

पुणे-मिरज मार्गावर साताऱ्याहून सांगलीपर्यंत रूळ भरतात सुमारे सव्वाशे किलोमीटर. 'एचओ' मापाच्या छोट्या रेल्वेत प्रत्येक वस्तू खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. त्या हिशेबानं सातारा ते सांगली हे अंतर येतं चौदाशे मीटरच्या थोडं वर. हे गणित एका सातारकर मित्रानं मला भडंगाच्या रिकाम्या पुडीवर मांडून दाखवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तुमच्या गच्चीत यातलं किती बसेल?"

गच्ची सोसायटीची आहे. पाण्याची टाकी, दोन डिश अँटेना आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया, एवढ्यांनाच तिथं कायदेशीर वास्तव्य आहे.

छोट्या रेल्वेचा नाद लागलेली माणसं आपल्याकडे मोजकी, पण चिवट. वऱ्हाडाची जीप फाटकात अडकली की बाकीचे कपाळाला हात लावतात. हे गृहस्थ आनंदानं खाली उतरून इंजिनाचा नंबर टिपून घेतात. नोकरीला ते बँकेत असतात, शाळेत असतात, पाटबंधारे खात्यात असतात. रेल्वेत सहसा नसतात, कारण रेल्वेतल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी रेल्वे बघवत नाही. त्यांच्या घरी पलंगाखाली किंवा पोटमाळ्यावर खोकी असतात आणि त्यांवर ठळक अक्षरात 'महत्त्वाची कागदपत्रे' असं लिहिलेलं असतं. आत कापसात गुंडाळलेलं एक डिझेल इंजिन, चार डबे, दोन सांधे आणि मेहुण्याकडून परदेशातून मागवलेला एक कंट्रोलर. या खोक्यांचा मुक्काम पोस्ट सतत बदलतो. दिवाळीची साफसफाई आली, पाहुणे आले, मुलीची दहावी आली, घराला रंग काढला, की खोकी हलतात. पुणे-मिरज लाइनवर क्रॉसिंगसाठी गाडी जितका वेळ बाजूला उभी राहिली नसेल तितका वेळ या गाड्या पलंगाखाली उभ्या असतात.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की जेवणाच्या टेबलावर रूळ मांडायचे आणि चहाच्या आत उचलायचे, हा बहुतेकांचा शिरस्ता. सातारकर मित्राकडे एकदा असा मांडलेला संसार मी पाहिला. गाडी दोन फेऱ्या नीट फिरली. तिसऱ्या फेरीला वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, चारला माझी भिशी आहे. तेवढी कोरेगाव-रहिमतपूर लाइन उचला, बायका येतील." मित्रानं मुकाट्यानं कोरेगाव उचललं. रहिमतपूर टेबलाच्या पलीकडच्या कडेला होतं, ते मी उचललं.

जेवणाच्या टेबलावर कायमचे रूळ टाकण्याची ऐपत एकाच मराठी घराण्यानं दाखवली. ते घराणं शिंद्यांचं. मूळचे ते आपलेच, कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात भोजनाच्या लांबलचक टेबलावर चांदीची आगगाडी फिरते. इंग्लंडातल्या बॅसेट-लोक कंपनीनं १९०६ च्या सुमारास ती बनवून दिली. जेवणं झाली की ती पाहुण्यांपुढून ब्रँडी आणि चिरूट घेऊन जाई, आणि कुणी सुरई उचलली की थांबे. एकदा ती बिघडून भर मेजवानीत व्हाइसरॉयच्या अंगावर सांडली, असंही सांगतात. त्याच घराण्यातले माधवराव शिंदे पुढं देशाचे रेल्वे राज्यमंत्री झाले, तेव्हा संस्कार घरातून होतात हे खरंच. पण त्या राजवाड्यात गाडी बाजूला घ्या, भिशी आहे, असं म्हणायला कुणी नव्हतं, हा मुद्दा आमचा मित्र वारंवार मांडतो. वहिनी ऐकू येईल अशा अंतरावर नसताना मांडतो.

रूळ उचलले आणि पुन्हा मांडले तर बिघडतं काय, असं परका माणूस विचारतो. उत्तर असं, की सगळंच बिघडतं. दोन रुळांचे तुकडे एका नखाएवढ्या पत्र्याच्या चिमट्यानं जोडलेले असतात, आणि त्या रुळांतूनच बारा व्होल्टची वीज इंजिनापर्यंत जाते. दर वेळी काढघाल केली की चिमटे सैल होतात. सैल झाले की वीज तुटते, गाडी मध्येच थबकते. एक रूळ दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलीमीटर वर राहिला तरी चाक चढतं आणि डबे आडवे होतात. फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात वाकते. वर धूळ. रुळांवर बसलेली धूळ म्हणजे या गाडीपुढचा मोठा डोंगर; दर वेळी स्पिरिटचा बोळा घेऊन सगळी लाइन पुसायची, तेव्हा कुठं गाडी हलते. म्हणून डोंगर, बोगदे, पूल, गावं असं सगळं एकदाच करून ठेवायचं, ते पुन्हा हलवायचं नाही, अशी जागा प्रत्येकाला हवी असते. घरात ती मिळत नाही. मग चार जण एकत्र येतात, वर्गणी काढायचं ठरवतात, आणि आजवर ज्याला घरातून एक बोलणं बसत होतं त्याला आता चार ठिकाणांहून बसू लागतं.

साताऱ्याचे दोघं-तिघं, कऱ्हाडचे एक आणि सांगली-मिरजेची काही मंडळी अशीच एकत्र आली. बैठक कऱ्हाडला, दोघांना मधली म्हणून. प्रेक्षक म्हणून मीही गेलो. जागेचा विषय निघायच्या आधी मंडळाच्या नावावरच दीड तास गेला. सातारा-सांगली की सांगली-सातारा? सातारकरांनी इतिहास काढला, जो ते नेहमीच काढतात: १९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा तुमच्या जिल्ह्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली हे नाव १९६० साली मिळालं, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच. यावर मिरजेचे अण्णा शांतपणे म्हणाले, "वाटणी झाल्यावर थोरल्यानं धाकट्याच्या घरात नाव घालायला येऊ नये." नाव आजतागायत ठरलेलं नाही. वर्गणीची पावती कोऱ्या कागदावर देतात.

मग मापाचा वाद निघाला. इथं मला दिवाळीतला किल्ला आठवला. आपण सगळे लहानपणी हे मॉडेल बनवण्याचं शास्त्र किल्ल्यावर शिकलेलो असतो: बुरूज वीतभर, बुरुजावरचे महाराज त्याहून उंच, दरवाजातून हत्ती आत जाऊ शकत नाही आणि आरशाच्या तळ्यात पोहणारं बदक तोफेएवढं. कुणाची तक्रार नसते. रेल्वेवाल्यांना हे चालत नाही. साडेपाच फुटी माणूस त्यांच्याकडे दोन सेंटिमीटरचाच असला पाहिजे. सव्वादोनचा झाला तर तो पहिलवान म्हणून कुंडलच्या मैदानात पाठवतात.

अण्णा वालचंद कॉलेजात शिकलेले, म्हणून आकड्याला पक्के. त्यांचा आक्षेप असा: बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलीमीटर असतं. ते युरोप-अमेरिकेतल्या रुळांचं माप. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटी, १६७६ मिलीमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा येतो सव्वाएकोणीस मिलीमीटर. म्हणजे हौशी मंडळी आपली महालक्ष्मी एक्सप्रेस पावणेतीन मिलीमीटर अरुंद रुळांवरून नेतात. "ही फसवणूक आहे," अण्णा म्हणाले. कुणी विचारलं, कोणाची? "महालक्ष्मीची."

मिरजेच्या माणसाला रुळांच्या रुंदीबद्दल बोलायचा अधिकार आहे, हे मान्य करायला हवं. १९७१ च्या सुमारास पुण्याकडून ब्रॉडगेज मिरजेपर्यंत आला, बेळगावकडं जाणारा मीटरगेज तसाच राहिला आणि कुर्डुवाडीकडं बार्शी लाइटचा अडीच फुटी नॅरोगेज होताच. म्हणजे नव्वदीपर्यंत एकाच मिरज स्टेशनात तीन रुंदींचे रूळ शेजारी शेजारी नांदत होते. देशात अशी स्टेशनं हाताच्या बोटांवर. सांधेजोड करणाऱ्या माणसाला मिरज म्हणजे पंढरी. आणि गंमत बघा: बार्शी लाइटचे ७६२ मिलीमीटर सत्त्याऐंशीनं भागले की पावणेनऊ मिलीमीटर येतात, आणि 'एन' नावाच्या आणखी छोट्या मापाचे रूळ बाजारात मिळतात नऊ मिलीमीटरचे. म्हणजे साहेबांच्या मोठ्या गाड्या आपल्याकडे मापात बसत नाहीत, पण एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं १८९७ साली सुरू केलेली आणि १९२७ साली मिरजेला पोचलेली ती हळू गाडी जवळजवळ अचूक बसते. हे सांगताना अण्णांचा आवाज जरा कापरा झाला. त्यांचं लहानपण त्या गाडीत गेलेलं. पुढं तोच मार्ग ब्रॉडगेज झाला आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी त्यावरूनच गेली, म्हणून पाण्याच्या पन्नास वाघिणी केल्याच पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. पन्नास वाघिणी मापानं सहा-सात मीटर. म्हणजे खोली लागणार सात मीटरची, आणि ती फक्त त्या गाडीला उभं राहायला.

सातारकर मागं कसे राहतील? त्यांना अजिंक्यतारा हवा. किल्ला शहरापासून साधारण हजार फूट उंच, म्हणजे मापानं साडेअकरा फूट. भाड्याच्या खोलीचा स्लॅब दहा फुटांवर. अजिंक्यताऱ्याचा वरचा दीड फूट वरच्या भाडेकरूच्या घरात निघणार. "मग त्यांना वर किल्ला आयता मिळेल," असं एक सातारकर म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते. कऱ्हाडच्या सभासदांनी तोवर एकच मागणी लावून धरली होती: शेणोली. ७ जून १९४३ ला पत्री सरकारच्या तुफान सेनेनं शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी अडवून लुटली, ते दृश्य हवंच. त्यावर कुणाचाही विरोध नव्हता. फक्त ती गाडी दर फेरीला लुटायची की दिवसातून एकदाच, यावर मतभेद झाले. खजिनदारांचं म्हणणं पडलं, की लुटीतला काही भाग मंडळाच्या खात्यात आला तर बरं.

सांगलीकरांना देखाव्याचा खर्च कमी, कारण सांगली सपाट. कुंच्याचे केस हिरवे रंगवून ऊस होतो. दहा फुटी ऊस साडेतीन सेंटिमीटर भरतो. एका सभासदानं मार्केट यार्डाचं फळीवर मॉडेल केलं आणि त्यात खरी हळद ओतली. दिसायला झकास झालं. पंखा लावला, हळद रुळांवर पसरली, वीज तुटली, आणि सांगली स्टेशनात आलेली गाडी पुढं हलेना. बाजारभाव पडल्यावर जशी सगळी सांगली थांबते तशीच थांबली, असं तेच म्हणाले.

जागा शोधताना मंडळाच्या लक्षात आलं, की या दोन जिल्ह्यांत खऱ्या रेल्वेलाही आपलं घर नीट सापडलेलं नाही. साताऱ्याचं स्टेशन साताऱ्यात नाही; ते माहुलीकडं, गावापासून दूर. रेल्वेनं साताऱ्याला उतरलेल्या माणसाला सातारा गाठायला पुन्हा रिक्षा लागते. सांगलीत उलट. तिथं गावात स्टेशन चौक आहे, त्यात सभा होतात, मोर्चे निघतात, पण स्टेशन नाही. जुनं स्टेशन ब्रॉडगेज आल्यावर गेलं, नवं दुसरीकडं झालं, चौक तेवढा राहिला. परगावच्या माणसानं "स्टेशन चौक" सांगून रिक्षा केली तर रिक्षावाला त्याला इमानानं गाडी चुकवतो.

घर सापडल्याची एक गोष्ट मात्र याच लाइनवर आहे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगानं भरलेला माळ दिला, वर दहा हजारांचं कर्ज दिलं. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे उदाहरण बैठकीत तीनदा दिलं गेलं. तिसऱ्यांदा दिल्यावर अण्णा म्हणाले, "संस्थान औंधचं नाही तर नाही, एखादा राजा बघा." राजा नाही, निवडुंग मात्र मुबलक आहे.

मग प्रत्यक्ष शोध सुरू झाला. एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांनी मागची खोली दाखवली. छान होती, फक्त मार्गशीर्ष ते ज्येष्ठ तीत भांडी. एका शाळेनं प्रयोगशाळेचा कोपरा दिला. अट एवढीच की विद्यार्थ्यांनाही हात लावू द्यायचा. पहिल्याच आठवड्यात दोन डबे, एक गार्ड आणि माहुलीचा पूल गायब झाला. गार्ड नंतर एका मुलाच्या कंपासपेटीत सापडला. त्याला वर्गशिक्षकांनी शिट्टी देऊन परत पाठवलं म्हणतात. एका गावातल्या मंदिराच्या विश्वस्तांनी सभामंडप देऊ केला, पण सकाळ-संध्याकाळ आरतीला रूळ गुंडाळायचे. ते तर घरी होतंच.

सांगलीत हार्डवेअरच्या दुकानामागं एक लांबलचक खोली मिळत होती. मालक अंगठ्या घातलेले, मोकळे, बोलके. खोली बघताना मी बरोबर होतो. त्यांनी विचारलं, "काय ठेवणार?"

"रेल्वे," अण्णा म्हणाले.

"पॅसेंजर किती?"

"साडेचारशे असतील." तेवढी दोन सेंटिमीटरची माणसं मंडळानं आजवर रंगवून ठेवली आहेत.

मालकांनी चष्मा वर केला. "आणि भाडं कोण देणार? गाडी का?" मग जरा थांबून, "गाडी चालती का न्हाई, एवढं आधी दाखवा. चालत आसंल तर पयल्या महिन्याचं भाडं माफ. माझ्या बापाची नोकरी रेल्वेत हुती."

ठरलंच होतं. पण जाता जाता अण्णांची नजर भिंतीवर गेली. छातीच्या उंचीवर एक आडवी मातकट रेघ होती, आणि तिच्या शेजारी कुणी तरी खिळ्यानं कोरलं होतं: २०१९. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. २००५ आणि २०२१ च्या रेघा बाजूच्या खोलीत होत्या. सांगलीत तळमजल्याची जागा म्हणजे पावसाळ्यापुरती जलवाहतूक. अण्णांनी तिथंच मनातल्या मनात भागाकार केला: तो ५७ फुटांचा पूर मापात वीस सेंटिमीटर. एवढा तर फळीवर दाखवता येईल. पण खरा आला तर काय करायचं?

साताऱ्याच्या बाजूनं भिलारचं उदाहरण आलं. महाबळेश्वर-पाचगणीजवळच्या या गावानं ४ मे २०१७ ला स्वतःला पुस्तकांचं गाव करून टाकलं. एक ग्रंथालय बांधत बसण्याऐवजी पंचवीस ठिकाणी, लोकांच्या घरांत, ओसऱ्यांत, मंदिरात हजारो पुस्तकं ठेवली. मग रेल्वेही अशीच ठेवू, प्रत्येकाच्या घरी एक स्टेशन, अशी कल्पना निघाली. सगळ्यांना ती आवडली. मग वहिनींनी चहा देता देता विचारलं, "आणि गाडी एका घरातून दुसऱ्या घरात जाणार कशी?" पुस्तकाला रूळ लागत नाहीत, हा फरक कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

जगात इतरांनी काय केलं, हे शोधण्यात मंडळाचा बराच वेळ सुखात गेला. अमेरिकेत एमआयटीतला मॉडेल रेल्वे क्लब १९४६ साली स्थापन झाला आणि त्याला घर मिळालं इमारत क्रमांक वीसमध्ये. ही इमारत १९४३ साली युद्धकाळात रडारच्या संशोधनासाठी उभारलेली, लाकडी, तात्पुरती, युद्ध संपलं की पाडायची. ती पाडली १९९८ साली. तोवर त्या क्लबातल्या पोरांनी टेलिफोनच्या रिलेंवर गाड्या चालवता चालवता संगणकात डोकं घातलं आणि 'हॅकर' हा शब्द जगाला दिला. तात्पुरत्या शेडनं अर्धशतक काढणं आपल्याला नवल वाटण्यासारखं नाही. आपल्या कितीतरी शाळा अशाच आहेत. हॅम्बुर्गमध्ये दोन जुळ्या भावांनी २००१ साली जुन्या गोदामांत मिनिआटुर वुंडरलँड उभारलं. तिथले रूळ सोळा किलोमीटरच्या घरात. म्हणजे आपलं सातारा-सांगली तिथं अकरा वेळा बसतं. हे कळल्यावर सगळ्यांनी एकदम भडंगाच्या पुड्याकडं हात नेला.

पण इतक्या लांब जायला नको. पुण्यात कोथरूडला, जी. ए. कुलकर्णी पथावर, भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. त्याचं उद्घाटन १ एप्रिल १९९८ ला झालं. तारीख बघून काहींना थट्टा वाटली असेल. पण इतका टिकलेला एप्रिल फूल पुण्यानंही दुसरा पाहिला नसेल. जोशींची गाडी त्याआधी काही वर्षं प्रदर्शनांतून फिरती होती. सभागृह घ्यायचं, मांडायचं, लोकांनी बघायचं, उचलायचं, टेम्पोत घालायचं. वर सांगितलेले पत्र्याचे चिमटे, फुगलेल्या फळ्या, धूळ हे सगळं त्यांच्याही वाट्याला आलं असणार. शेवटी त्यांनी समितीची, अनुदानाची, राजाची वाट न बघता स्वतःच्याच जागेत ते कायमचं वसवलं. घरच्यांनी ते चालवत ठेवलं.

मंडळाबरोबर मीही ते बघायला गेलो. आत काय आहे हे सगळं सांगत नाही, बघायलाच हवं. एक अख्खं शहर आहे. सिग्नल, दिव्याचे खांब, कुंपणं, उड्डाणपूल, सर्कस, मोटारीत बसून सिनेमा बघायचं थिएटर, पोहण्याचा तलाव, आणि या सगळ्यातून वेगवेगळ्या गाड्या आपापल्या वेळेला निघतात, एकमेकींना वाट देतात. प्रकाश कमी होतो, शहराचे दिवे लागतात, निवेदन सुरू होतं आणि मोठ्या माणसांचा आवाज बंद होतो. मी प्रेक्षकांकडंच बघत होतो. सगळे आजोबा 'नातवाला दाखवायला आणलंय' असं सांगत आत येतात. नातू दहा मिनिटांनी आइस्क्रीम मागतो. आजोबा त्याला आजीच्या स्वाधीन करतात, पुढच्या खेळाची वेळ विचारून ठेवतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. सातारकर मित्रानं तिथं एकही शब्द काढला नाही. फक्त एका जोडावर बराच वेळ वाकून बघत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, "चिमटा नाही. डाख दिलाय. कायमचा." त्याच्या तोंडून 'कायमचा' हा शब्द मी आजवर गृहकर्जाबद्दलच ऐकला होता.

परतताना एक्सप्रेसनं आलो. नीरेच्या पुढं गाडी क्रॉसिंगला थांबली. कुणी तक्रार केली नाही, उलट मंडळींनी घड्याळं काढून वेळ नोंदवली, कारण मॉडेलमध्येही तेवढाच थांबा दाखवायचा आहे. वाठारला अण्णांनी खिडकीतून बाहेर बघत बघत जाहीर केलं, की आता वाद पुरे, जागा जिथं मिळेल तिथं, नाव जे असेल ते, रुंदी साडेसोळा चालेल. सातारकरांनी अजिंक्यतारा निम्म्यावर आणला. महालक्ष्मीला पावणेतीन मिलीमीटरची माफी मिळाली. वहिनींनी तर चक्क एक प्रस्ताव ठेवला: भिशीच्या बायकांना एकदा गाडी चालवू द्या, जागा आम्ही बघतो. भिशीत एकीचे यजमान सहकारी सोसायटीचे सचिव, दुसरीच्या सासऱ्यांचं रिकामं गोदाम, तिसरीची माडी बंद पडलेली. इतके महिने पुरुषांनी जिल्हाभर धुंडाळलेल्या जागा महिन्यातून एकदा त्याच दिवाणखान्यात चहा पीत बसत होत्या. त्या आल्या की कोरेगाव-रहिमतपूर उचलून पलंगाखाली जात होतं.

तूर्त माडीचं ठरतंय, पण पक्कं नाही. तेव्हा साताऱ्यात, कऱ्हाडात, सांगलीत किंवा मिरजेत कुणाकडे पंचवीस बाय बाराची रिकामी खोली असेल तर कळवा. भाडं वेळेवर मिळेल, गाड्यांचा आवाज होत नाही, पॅसेंजर शांत आहेत. घरमालकांना रविवारी एक फेरी फुकट. सांगलीची जागा असेल तर मात्र कृपा करून वरच्या मजल्यावरची कळवा.